मामलेदाराची सीट

हळद पाण्यात टिकत नाही.

·

करमाळ्याहून सकाळी सुटणाऱ्या एसटीत एका बाईच्या मांडीवर मोटारीचं आकाशी दार आडवं होतं. कंडक्टरनं दाराचं अर्धं तिकीट काढायला लावलं. बाईनं ते काढलं आणि मग दाराला खिडकीची जागा हवी म्हणून टेंभुर्णीपर्यंत भांडली.

·

अर्ज. ११ डिसेंबर १९८८. हरवलेल्या जनावराचं वर्णन: एडका, वय चार वर्षं, अंग काळं, तोंड पांढरं, डावं शिंग टोकाला मोडकं. नाव: मामलेदार. सवय: गाडीत पुढच्या सीटवर बसणे. अर्जदार: बिरप्पा, धंदा मेंढरं.

·

घोंगडी टोचते. टोचते म्हणून ती ऊब धरते, असं भवानी पेठेतल्या दुकानात गुंडा तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय. स्वतः तो दुलई पांघरतो.

·

घरच्या ग्रुपवर बिभीषणचा निरोप: उद्या सर्वपित्रीला सगळ्यांनी आपापले अवयव घेऊन यावे. त्याखाली करमाळ्याच्या जावयाचं उत्तर: अवयव नव्हे, सुटे भाग. त्याखाली सहा अंगठे.

·

स्वयंपाकघरात घोंगडी टाकलेलं एक बुटकं बाकडं आहे. जानेवारीपासून त्याच्यावर तानाबाईशिवाय कुणी बसलेलं नाही. कुणी बसायला गेलं की ती म्हणते, पाय मोडलाय त्याचा.

·

चूक मेंढरांच्या सवयीनं झाली.

बिभीषण जिल्हा परिषदेत वरिष्ठ लिपिक. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आटोपली, आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर एकत्र असताना त्यानं घरामागच्या आवारात पंचवीस वर्षं उभी असलेली बापाची पिकअप खोलायला घेतली. पुढे जीपचं तोंड, मागे लाकडी हौदा, हौद्यातून वर आलेला एरंड. ती नव्यासारखी करायची आणि शिवाय आपल्या मनाच्या चार गोष्टी तिच्यात घालायच्या, असा त्याचा बेत होता. एकट्यानं आटपेना, तसे सगळेच हात लावू लागले. बिभीषणची मुलगी ऋतुजा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, प्रत्येक पार्टला नंबर देऊ, फोटो काढू. तिला चहा करायला पाठवलं.

या घरात पूर्वी चार भावांची मेंढरं एका कळपात चरायची. कुणाच्या मेंढीच्या पाठीवर लाल खूण, कुणाच्या हिरवी. पावसाळा सरला की खुणा बघून ज्यानं त्यानं आपली वेगळी करायची. तेव्हा गाडी खोलतानाही ज्यानं जो भाग काढला त्यानं त्याच्यावर आपली खूण केली, आणि हे इतकं आपोआप झालं की कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. थोरल्या गुंडानं लाल ऑइलपेंट लावला. बिभीषणनं हिरवा. त्यांची बहीण सुकन्या हिनं पर्समधलं गुलाबी नेलपेंट. तिचा नवरा अनिलकुमार शाळामास्तर. त्यानं खडूनं तारखेसह सही केली. गुंडाची बायको नागव्वा हिनं हळदीचं बोट लावलं. संध्याकाळी कळप फुटावा तसा जो तो आपले भाग पोत्यात भरून साफसफाईसाठी घेऊन गेला.

कुठला भाग कुणाचा, हे सगळं नीट लिहिलेलं होतं. कुठला भाग कुठला, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी गाडीचा मूळ रंग कोणता यावरून गुंडा आणि सुकन्या यांची जुंपली. ती म्हणाली आकाशी, तो म्हणाला शेवाळी. आठ महिने दोघांचं बोलणं बंद आहे.

आता गुंडाला आवारात गोदाम बांधायचंय. घटस्थापनेला पाया घालायचा. आईसमोर उभं राहून त्यानं अट सांगितली: अमावास्येला संध्याकाळी पाचच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर रूपाभवानीच्या देवळापर्यंत जाऊन परत आली तर राहील. नाहीतर भंगारात.

आईला, तानाबाईला, गाडीचं तसं काही नाही. तिला पुढं बसायचंय.

गाडी घरी आली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. पुढं, क्लीनरच्या बाजूच्या सीटवर, कधी सरपंच बसले, कधी तलाठी, एकदा सिमेंटची पोती. मग मामलेदार आला. नऊ गावांत तसा एडका नव्हता, त्याला वारं लागू नये म्हणून तिच्या नवऱ्यानं, बिरप्पानं, त्याला पुढं बसवायला सुरुवात केली आणि तानाबाई मागं हौद्यात, बाकीच्या मेंढरांत. चार वर्षांनी मामलेदार चोरीला गेला. बिरप्पानं त्याच्या दुःखात ती सीट मोकळी ठेवली. तिच्यावर घोंगडी अंथरली आणि कुणालाही बसू दिलं नाही. गाडी बंद पडली, पुढं बिरप्पाही गेला. बाहेरच्या खोलीत दोघांचा फोटो आहे, गाडीच्या एका खिडकीत बिरप्पा, दुसऱ्या खिडकीत मामलेदार. चौकट एकच असल्यामुळे हार दोघांना मिळून आहे.

पुढं बसायचंय हे तिनं आजवर फक्त नागव्वाला सांगितलंय. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, पण सगळे विसरलेत.

·

डावं दार. (नेलपेंट)

सुकन्या दार डोक्यावर घेऊन आवारात शिरली तेव्हा पहिल्यांदा तिला भंगारवाले चाचा दिसले. गुंडानं त्यांना सकाळी दहालाच बोलावून ठेवलं होतं. ते हातगाडीच्या दांड्यावर बसून खीर खात होते. कावळा साडेदहालाच घास शिवून गेला होता. पितरांच्या बाजूनं आता काही अडचण उरलेली नव्हती.

मग तिला गाडी दिसली.

आठ महिन्यांत प्रत्येकानं आपापले भाग घासून, आपापल्या आठवणीप्रमाणे रंगवले होते. उजवं दार गुंडाचं, शेवाळी. बॉनेट बिभीषणचं, मरून; तो रंग कुणाच्याच आठवणीत नव्हता, पण चांगला चमकत होता. पुढचे दोन्ही मडगार्ड अनिलकुमारनं आठवड्यापूर्वीच पाठवले होते. शाळेतला फळ्याचा काळा रंग उरला होता तो त्यानं लावला. त्यावर खडूनं लिहिता येतं, हा त्याच्या मते वेगळा फायदा.

सुकन्याला रडू आलं असतं, पण दार जड होतं.

दार बसवायला बिजागरीच्या दोन खिळी लागतात, आणि खिळींवर लाल खूण होती. म्हणजे त्या गुंडाच्या. तो हातोडी घेऊन आला, तिच्याकडे न बघता उभा राहिला, आणि चाचांना म्हणाला, त्यांना म्हणावं जरा वर उचला.

"आपा, ऊपर उठाव बोल्रे भाई," चाचा जागेवरून म्हणाले.

तिनं उचललं. भाईला सांगा, माझे हात भरून आलेत, लवकर ठोका. चाचांनी तेही पोचवलं. मग थोडं डावीकडे, मग इतकं नव्हे, मग लहानपणीही असंच धरायची, मग लहानपणीही असंच ठोकायचा. चाचांनी खिरीची वाटी खाली ठेवली, कारण काम वाढलं होतं. तेवढ्यात खीळ आत गेली आणि तिच्याबरोबर सुकन्याचं बोट.

"आण्णा, बोट."

आठ महिन्यांतला तो पहिला शब्द. गुंडानं हातोडी टाकली, दार खांद्यावर घेतलं, बोट सोडवलं, फुंकर घातली आणि मग म्हणाला, "आकाशी नव्हतीच ती."

"होती."

चाचा परत खिरीकडे वळले. आता त्यांची गरज नव्हती.

·

बादलीभर. (हळद)

नागव्वानं जूनमध्ये आपले भाग स्वच्छ धुतले. त्यामुळे दुपारी बारा वाजता आवाराच्या मधोमध एक बादली होती, बादलीत एकोणीस भाग होते आणि एकाही भागावर खूण नव्हती.

ती मूळची अक्कलकोटकडची. या घरात येऊन तिला एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षं तिला असं वाटत आलं की या घरात कुणी काय बोललं हे फक्त तिलाच लक्षात राहतं. ते काही उपयोगाचं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

अनिलकुमार गुडघ्यावर बसून भागांचं वर्गीकरण करू पाहत होता: लांब, वाकडे, इतर. नागव्वानं त्याला बाजूला सरायला सांगितलं आणि बादलीतून रबराची एक वाकडी नळी उचलली.

"हे काढताना सुकन्याताई म्हनल्या, वैनीच्या हातची शेंगापोळी कडक असती," ती म्हणाली. "मी तवा रेडिएटरकडं तोंड करून हुते. म्हनून हे रेडिएटरचं."

सुकन्या म्हणाली, असं मी कधी म्हटलं नाही. बिभीषणनं नळी लावून बघितली. बरोबर बसली.

दुसरा भाग पट्टीसारखा होता. "हे काढताना ह्यांनी म्हनलं, बायकांना पाना धरता येत न्हाय. ह्यांचं मला निस्तं पाय दिसत हुतं. म्हंजे मी गाडीखाली. सायलेन्सरचं हाय हे."

गुंडानं आपल्या पायांकडे पाहिलं. पट्टी सायलेन्सरला बसली.

मग ते सुरूच झालं. स्प्रिंग काढताना बिभीषण तिच्या भावाच्या नोकरीबद्दल बोलला होता, क्लचची. झाकण काढताना अनिलकुमारनं तिचं एक वाक्य सुधारलं होतं, पेट्रोलच्या टाकीचं. सुकन्याचे आणखी तीन निघाले, तिन्ही एकाच बाजूच्या चाकाचे. प्रत्येक भागाबरोबर कुणीतरी खाली बघायचं आणि गाडी थोडी पुरी व्हायची. शेवटी शेवटी लोकांना आपलं काही निघू नये असंही वाटत होतं आणि आपला भाग राहून जाऊ नये असंही. बिभीषणनं तर एक ब्रॅकेट उचलून स्वतःच विचारलं, वैनी, हे काढताना मी काही बोललो नव्हतो का? ती म्हणाली, बोललेला, पण ते चांगलं होतं, म्हणून लक्षात नाही.

"साकु," ती शेवटी म्हणाली. बास झालं. बादलीत एकच बोल्ट उरला होता. "हे काढताना कोनीच काय बोललं न्हाय."

सगळे बोल्टकडे बघत राहिले. बरं, वाईट, काहीतरी आपण तिला बोलायला हवं होतं, असं गुंडाला वाटून गेलं.

ऋतुजानं कठड्यावरून फोन पुढे केला. "हा हँडब्रेकचा. हे बघा."

फोनमध्ये फोटो होते. जानेवारीचे. दोनशे बारा. जवळजवळ प्रत्येक भाग, काढायच्या आधी आणि काढल्यावर, गाडीच्या कुठल्या बाजूचा ते बोटानं दाखवून.

"सकाळपासून का नाही सांगितलंस?" बिभीषणनं विचारलं.

"चहा करत होते."

·

रोटर. (लाल)

चिंचोक्याहून थोडा मोठा, काळा, डोक्यावर पितळेची पट्टी. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली तो फिरतो, म्हणून प्लगला ठिणगी मिळते. तो नसेल तर बाकी सगळी गाडी म्हणजे ओळीनं मांडलेलं लोखंड.

तो गुंडाच्या शर्टाच्या खिशात होता, चुन्याच्या डबीशेजारी.

लपवायचा असं त्यानं ठरवलं नव्हतं. सकाळी दुकानातून येताना खिशात टाकला, आणि मग कुणी मागितला नाही. कुणाला तो आठवतच नव्हता. ऋतुजाच्या दोनशे बारा फोटोंतही तो नव्हता; तेव्हा ती खरंच चहाला गेलेली होती.

तीन वाजता बिभीषणनं पुढून हँडल मारायला सुरुवात केली. पंधरा वेळा मारलं. मग अनिलकुमारनं मारलं आणि हात चोळत बसला. गाडी ढिम्म. गुंडा चाचांशेजारी दांड्यावर बसून राहिला. त्याला शेवाळी दाराच्या जागी शटर दिसत होतं, आतल्या फळ्या, फळ्यांवर घोंगड्यांच्या घड्या, पावसाचं एक थेंब पाणी नाही. वाईट काय होतं त्यात? गाडीनं या घराला काय दिलं होतं? सहावीत त्याला शाळेतून आणायला बाप गाडी घेऊन आला होता, तेव्हा पुढं तलाठी बसलेले होते.

तानाबाई चहा घेऊन आली. चाचांना दिला, त्याला दिला. खिशाकडे बघितलं नाही. फक्त म्हणाली, चहा सांडू नको, शर्टाच्या खिशात काही असलं तर भिजेल. आणि गेली.

त्यानं तेव्हाही दिला नसता. पण अनिलकुमार बॉनेटखाली शिरला. त्यानं डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली, चष्मा वर केला, आणि आत काहीतरी कमी आहे हे त्यानं शोधून काढलं. इथवर ठीक होतं. मग त्यानं सगळ्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. इथे एक फिरणारा भाग असावा, तो मूळचा लाकडी असणार, त्याला एक खाच असते आणि ती उत्तरेकडे ठेवावी लागते. खडूच्या पेटीच्या लाकडातून मी दहा मिनिटांत तसा कोरून देतो. त्यानं खरंच पेटी फोडली. सुकन्या त्याच्यासाठी घरातून सुरी घेऊन आली. बिभीषण मान डोलवत होता. घरातला एक लिपिक आणि एक मास्तर गाडीच्या पोटात खडूची पेटी घालत होते.

गुंडा दांड्यावरून उठला. गोदाम राहिलं एकीकडे.

"दाजी, उतरा खाली," तो म्हणाला. खिशातून रोटर काढला, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसला, आत बसवला, टोपी लावली, चाप दाबले. "उत्तर कुटली घेऊन बसलाय."

मग सुकन्यानं विचारलं, "आठ म्हैने तुज्याकडं हुता?"

"मग? हरवू दिऊ?"

चौथ्या हँडलला गाडी खोकली. सहाव्याला सुरू झाली. सायलेन्सरमधून उंदराचं घरटं निघालं, घरट्यात मेंढीची लोकर होती, ती वर उडाली आणि काळ्या मडगार्डांवर हळूहळू उतरली. अनिलकुमारनं डाव्या मडगार्डावर खडूनं वेळ लिहिली: ४.०८.

चाचा उठून उभे राहिले, पंचनाम्याला आल्यासारखे. चालू झालेलं भंगार त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

·

क्लीनरची बाजू. (हिरवा, त्यावर चुना)

बिभीषणला आज सगळ्यांना एक गोष्ट दाखवायची होती.

पुढच्या सीटच्या जागी, डावीकडे, लाल रेक्झिनचा एक मोठा खोका होता. आत दोन स्पीकर, बाहेर जाळी, जाळीभोवती रंग बदलणारे दिवे. तीन महिने ऑफिसातून आल्यावर तो हे करत होता. सात बोल्टांनी खाली पक्कं केलं होतं, प्रत्येक बोल्टावर हिरवी खूण. जानेवारीत सीट गेली कुठं याचा त्यानं फार शोध घेतला नाही. कुणाच्या तरी पोत्यात गेली असेल, न आली तर बरंच, जागा मोकळी. नवरात्रात ही गाडी पेठेतून जाईल, पुढं गाणं वाजत असेल, ऑफिसातले लोक बघतील. चौतीस वर्षांत ऑफिसातल्या लोकांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

त्यानं बटण दाबलं. दिवे लागले. सुकन्या वा म्हणाली.

तेव्हा स्वयंपाकघरातून नागव्वा आणि तानाबाई बाकडं घेऊन आल्या. एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला सासू. सासू सत्त्याहत्तर वर्षांची, पण तिनं आपलं टोक सोडलं नाही. त्यांनी बाकडं गाडीपाशी ठेवलं आणि तानाबाईनं वरची घोंगडी ओढली.

ते बाकडं नव्हतं. गाडीची सीट होती. पाठीशी चुन्याचं पांढरं बोट.

"ही मी काढली," तानाबाई म्हणाली. "तुमी जेवत हुता तवा. बसवा आता."

बिभीषणनं सीटकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. दिवे जांभळे झाले, मग हिरवे. जागा एकच होती. तो खरोखर मायेनं बोलला, हे सगळ्यांनी नंतर कबूल केलं.

"आई, तू मागं बस की. गादी टाकतो चांगली. पुढं वारं लागंल तुला."

नागव्वाचा हात तोंडाकडे गेला. सुकन्यानं गुंडाकडे पाहिलं. हे वाक्य या आवारात पूर्वी रोज सकाळी म्हटलं जायचं, याच स्वरात, गादीसकट. बिभीषण बापासारखा दिसत नाही. पण त्या क्षणी खिडकीच्या चौकटीत तो अगदी फोटोतल्यासारखा उभा होता, आणि शेजारी खोका.

तानाबाईनं पदर खोचला. ती सीटवर बसली. जमिनीवर ठेवलेल्या सीटवर, गाडीच्या बाहेर, हात मांडीवर घेऊन. तिचं तोंड पुढं होतं, जणू आत्ता निघणार आहे.

इंजिन चालूच होतं. चार वाजून एकोणीस मिनिटं.

गुंडा पाना घेऊन आला आणि गाडीत वाकला. पहिला बोल्ट, दुसरा बोल्ट.

"आण्णा, तुजा काय संबंध?" बिभीषण म्हणाला. "तू तर भंगारात घालत हुतास."

"भंगारात घालायची तर पुरी घालायची. सीटबिगर चाचा घेत न्हाईत."

"नै लेते," चाचा लगेच म्हणाले. "सीट बगर अपन नै लेते."

सातवा बोल्ट फिरेना. बिभीषण थोडा वेळ लांब उभा राहिला. मग त्यानं खिशातून आपला पाना काढला, आत हात घातला आणि म्हणाला, तो उलट्या आट्याचा आहे, तुला जमायचा नाही. खोका बाहेर आला तेव्हा दिवे अजून लागत होते. त्यानं वायर काढली.

"उट आता आई," तो म्हणाला, सीटकडे न बघता. "तू बसलीयस तवर बसवू कशी?"

·

४.३१. (मडगार्ड, खडू)

बिभीषण चालवत होता. शेजारी तानाबाई, अंगाखाली घोंगडीची घडी. मागं हौद्यात गुंडा, नागव्वा, सुकन्या, ऋतुजा, तोल सांभाळत अनिलकुमार, आणि चाचा. गाडी पळाली तर माझी रोजी पळेल, असं म्हणून तेही चढले होते. आकाशी, शेवाळी, मरून आणि काळी अशी गाडी पेठेतून निघाली तेव्हा रस्त्यातल्या माणसांना वाटलं एकामागून एक चार गाड्या चालल्यात. सुकन्या वाटेतल्या ओळखीच्यांना ओरडून सांगत होती की आकाशी तोच खरा रंग. गुंडानं ते खोडून काढायचं काम सोडलं नाही.

देवळापाशी इंजिन बंद करायचं धाडस कुणाला झालं नाही. सगळ्यांनी हौद्यातूनच हात जोडले. तानाबाईनं पुढून जोडले, काचेतून.

परतताना घर दोन गल्ल्यांवर असताना गाडी दोनदा दचकली आणि थांबली. चार वाजून बावन्न मिनिटं.

हँडल मारायला वेळ नव्हता. सगळे उतरले, मागून हात लावले. अनिलकुमारनं पुढं येऊन अदबीनं सुचवलं की सासूबाई जरा खाली उतरल्या तर वजन कमी होईल.

"मी का उतरू," तानाबाई म्हणाली. प्रश्न म्हणून नव्हे.

गाडी ढकलली गेली. सर्वांत मागं, मधोमध, दोन्ही हात फळीला आणि डोकं खाली घालून गुंडा होता. कोपऱ्यावर चढ आला तिथं तो सगळ्यांना शिव्या देत होता, त्यात गाडीही आली. अनिलकुमार ढकलता ढकलता म्हणाला की काटेकोरपणे बघितलं तर गाडीनं स्वतःच्या बळावर परतायला हवं होतं.

"स्वतःच्या चाकांवर म्हनलो हुतो, दाजी," गुंडा धापा टाकत म्हणाला. "चाकं कुनाची हायत ही? तुमची?"

आवारात शिरल्यावर अनिलकुमारनं मडगार्डावर लिहिलं: ४.५८. गुंडानं ते वाचलं. आपण काय हरलो ते त्याला वाचतानाच कळलं असावं, कारण तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत उभा राहिला. मग बाहीनं घाम पुसला आणि ४.५८ वरही बाही गेली की काय असं वाटून मागं सरकला. नाही, आकडे तिथंच होते. गोदाम दुकानाच्या वर बांधावं, असं तो दुसऱ्या दिवशी म्हणू लागला.

चाचा रिकाम्या हातानं जायला तयार नव्हते. बिभीषणनं स्वतः खोका उचलून त्यांच्या हातगाडीवर ठेवला. रात्री वस्तीवर वाजवा म्हणाला. चाचांनी दिव्यांचं विचारलं, तर ऋतुजानं जोडायचं कसं त्याचे फोटो पाठवले.

सगळे आत गेले तरी तानाबाई सीटवरच होती. नागव्वा आकाशी दाराशी येऊन उभी राहिली. कसं वाटलं, असं तिनं विचारलं नाही; अत्तींना, म्हणजे सासूबाईंना, असलं विचारलेलं आवडत नाही. तानाबाईच आपणहून बोलली.

"मामलेदार चार वर्सं हितं बसून काय बघत हुता कुनाला ठाव," ती म्हणाली. "म्होरल्या गाडीचं बूड दिसतंय निस्तं."

मग तिनं पाय थोडे लांब केले.

"उद्या करमाळ्याला सुकीला सोडायला जाऊ म्हन बिभीषणला. मी बी येते."

·

मामलेदार चोरीला गेला नव्हता. अर्ज दिला त्याच्या आदल्या दिवशी तानाबाईनं त्याला एसटीनं करकंबला नेऊन तिथल्या बाजारात विकलं होतं.